वकील, अशील आणि उचल



मी साहित्याची अध्यापक आहे. काळा कोट मी कधी अंगावर घातला नाही आणि कायद्याची पदवीही माझ्याकडे नाही. तेव्हा गरिबाच्या वकिलाविषयी बोलायला ही बाई कशाला उभी राहिली, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. अकादमीने मला ‘भाषेविषयी बोला’ असे सांगितले होते, आणि मी भाषेविषयीच बोलणार आहे. ज्याच्या खिशात पैसा नाही अशा माणसाचा शब्द न्यायाधीशांपर्यंत कसा पोचतो आणि वाटेत त्याचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात दोन शब्दांपासून करते. ‘वकील’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा तो वकील. मराठेशाहीत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपल्या धन्याचे म्हणणे मांडणारा माणूस. दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केली. त्याचा जोडशब्द ‘अशील’. इथल्या हिंदी न्यायालयांत ‘मुवक्किल’ म्हणतात, म्हणजे वकील नेमणारा. मराठीने मात्र ‘अशील’ धरून ठेवला. हा शब्द अरबी ‘असील’वरून आला. आपला ‘अस्सल’ त्याच कुळातला. अशील म्हणजे मूळ माणूस, ज्याचे म्हणणे आहे तो. वकील त्याच्या मागून येतो. फी देणारा अशील हे नाते विसरू देत नाही. प्रश्न उभा राहतो तो फी न देऊ शकणाऱ्या अशिलाचा.

आता एक प्रसंग सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आज विधी सेवेत बचाव पक्षाची वकील आहे. घरची बोली माळवी, शिक्षण हिंदीत. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“मॅडम, मराठीत ‘उचल’ म्हणजे काय? उचलून नेणं?”

“कोण म्हणालं?”

“जेलमधला एक मुलगा. धुळ्याकडचा आहे. ठेकेदाराच्या हाताखाली कारखान्यात कामाला होता. चोरीचा गुन्हा लागलाय. मला सारखं सांगतोय, ‘ताई, मी उचल घेतली होती.’ आणि केस डायरीत लिहिलंय, ‘ठेकेदार के यहाँ से आठ हज़ार रुपये उठाए थे.’”

मित्रहो, या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला उचल म्हणजे काय ते ठाऊक आहे. ऊसतोडीच्या टोळीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत, मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल. घेणारा घेतो, मुकादम वहीत लिहितो, पुढच्या पगारातून ती फिटते. या मुलाने आठ हजारांची उचल घेतली, आई आजारी म्हणून तो गावी गेला आणि वेळेवर परतला नाही. ठेकेदाराने रोकड चोरीला गेल्याची तक्रार दिली. मुलाने ठाण्यात खरे तेच सांगितले, पण आपल्या शब्दांत सांगितले. लिहून घेणाऱ्याने ‘उचल’चे ‘उठाना’ केले. झाली चोरी.

मी तिला म्हटले, “अगं, हा तर पेशगीचा मामला आहे. ठेकेदाराची वही मागव.” वहीत ‘एडवांस’ या रकान्याखाली मुलाची सही निघाली. जामीन झाला. तोपर्यंत त्याचे एकेचाळीस दिवस तुरुंगात गेले होते. खटला अजून संपलेला नाही, म्हणून गाव, ठाणे, कारखाना यांतले काहीच मी सांगत नाही. आणि लिहून घेणाऱ्या शिपायावर माझा रागही नाही. त्याला एका रात्रीत कितीतरी जबान्या ठरावीक साच्यात बसवायच्या असतात. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही हे खरे. पण जामिनाच्या वेळी समोर असते ती केस डायरी, आणि तिच्यातल्या एका क्रियापदाने माणूस आत राहू शकतो.

त्या मुलाला वकील मिळाली ती कोणाची मेहेरबानी नव्हती. तो त्याचा हक्क होता, आणि त्या हक्काच्या इतिहासातली एक वाट आपल्या शेजारून जाते. इथून हाकेच्या अंतरावर महू आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथे झाला. १९२३ नंतर मुंबईत वकिली करताना त्यांनी अनेक गोरगरिबांची प्रकरणे चालवली. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून झालेल्या खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडून त्यांनी १९२६ साली त्यांना सोडवले. पुढे १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचे कलम त्यांनीच मांडले. आज ते बाविसावे कलम आहे. अटक का झाली हे कळण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क त्यात आहे.

पण पसंतीचा वकील परवडला पाहिजे! हा प्रश्न जुनाच होता. १९४९ मध्येच मुंबई राज्याने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्यासाठी समिती नेमली होती. मध्य प्रदेशाने १९७६ साली दुर्बल घटकांना विधी साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे धोरण ठरले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या होसकोट प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की तुरुंगातल्या माणसाला अपिलासाठी वकील मिळणे ही राज्याची जबाबदारी आहे, राज्याची खैरात नव्हे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची बाजू कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. त्या हुसैनआरा खातून खटल्यात मोफत वकील हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याखाली तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत समित्या आणि प्राधिकरणे आहेत.

या कायद्याचे बारावे कलम पीथमपूरच्या प्रत्येक फाटकावर लावावे असे मला वाटते. मोफत वकील कोणाला मिळतो, याची यादी त्यात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, औद्योगिक आपत्तीचे बळी, आणि औद्योगिक कामगार. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा लागते ती या यादीत न बसणाऱ्यांना. म्हणजे या वसाहतीतल्या औद्योगिक कामगाराला, तो कामगार आहे एवढ्याच कारणाने, मोफत वकील मागता येतो. कामगार वस्त्यांत मी विचारून पाहिले आहे. हे माहीत असलेले लोक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

ज्यांना माहीत आहे त्यांचा विश्वास नाही, आणि यातही भाषेचा वाटा आहे. अटक झालेल्याच्या बायकोला सांगितले की “सरकारतर्फे वकील मिळेल,” तर ती घाबरते. तिच्या लेखी ‘सरकारी वकील’ म्हणजे आपल्या नवऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून उभा राहणारा. मराठीत या शब्दाचा अर्थ खरोखर तोच आहे! मग ती मंगळसूत्र मोडते आणि खाजगी वकील करते. महाराष्ट्रात या नव्या पदाला ‘लोकअभिरक्षक’ असे नाव दिले आहे. नाव भारदस्त आहे. पण आपल्या इथे हिंदीत ‘अभिरक्षा’ म्हणजे कोठडी. ‘पुलिस अभिरक्षा’ हे शब्द रोज वाचणाऱ्या इथल्या माणसाला लोकअभिरक्षक म्हणजे लोकांना कोठडीत ठेवणारा वाटला, तर त्याला दोष कसा द्यायचा? मी माझ्या विद्यार्थिनीला विचारले, “तू कैद्याला स्वतःची ओळख कशी करून देतेस?” ती म्हणाली, “मी सांगते, मी तुझी वकील. पगार सरकार देतं, पण बोलणार मी तुझ्या बाजूनं.” कोणत्याही परिभाषाकोशात मला यापेक्षा चांगली व्याख्या सापडलेली नाही.

पूर्वी विधी साहाय्याची प्रकरणे यादीवरच्या वकिलांना वाटून दिली जात. त्यांची स्वतःची वकिली चालू असे आणि हे काम त्यात कुठेतरी बसवावे लागे. २०२२ च्या सुधारित योजनेनुसार जिल्ह्यात पूर्णवेळ बचाव वकिलांचे कार्यालय असते. एक मुख्य, काही उपमुख्य, काही सहायक. ठरावीक मासिक मानधन, आणि खाजगी वकिलीला मनाई. यांचे काम फक्त फौजदारी बचावाचे. गरज असेल तर ते अटकेपूर्वीही सुरू होते. रिमांडला उभे राहणे, तुरुंगात जाऊन भेटणे, दोषारोपपत्र वाचणे, जामिनाचा अर्ज, साक्षीदारांची उलटतपासणी, शेवटचा युक्तिवाद आणि गरज पडल्यास अपील. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतले तीन. या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सुशिक्षितांकडूनच येतो. “चोर-खुन्यांना आमच्या करातून वकील कशाला?” याचे एक उत्तर पुण्याच्या इतिहासात आहे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्यांच्या बाजूला दिसणे म्हणजे सरकारची वक्रदृष्टी ओढवून घेणे. अशा वेळी सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, वकीलपत्र घेऊन उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवले गेले, आणि तिथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. खटल्याचा निकाल काका बदलू शकले नाहीत. पण आरोपीची बाजू न मांडताच शिक्षा झाली, असे मात्र त्यांनी होऊ दिले नाही. काकांना आपण देशभक्त म्हणून आठवतो. वकील म्हणूनही त्यांची आठवण ठेवावी, असे मला वाटते.

दुसरे उत्तर आपल्या जवळचे, नर्मदेपलीकडच्या खंडव्याचे आहे. एका लहान मुलीवरील अत्याचार आणि खुनाचा तो खटला. गुन्हा अंगावर काटा आणणारा, समाज खवळलेला. पकडलेल्या तरुणाला वकील नव्हता. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याला विधी साहाय्यातून वकील दिला गेला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. ४ मार्चला फाशीची शिक्षा झाली. तेरा दिवस! जलद न्याय म्हणून त्या वेळी अनेकांना समाधान वाटले असेल. १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले. न्या. उदय लळीत यांनी लिहिलेल्या त्या निकालात काही दंडक घातले आहेत. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा. तयारीला साधारणपणे किमान सात दिवस हवेत. आणि वकिलाला आरोपीशी भेटून बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. यानंतरही प्रकरण वरखाली होत राहिले, पुन्हा फाशी सुनावली गेली, तीही टिकली नाही, आणि २०२४ साली खंडव्याच्या न्यायालयाने त्या माणसाला निर्दोष सोडले. अकरा वर्षे. त्या मुलीला तरी यात न्याय मिळाला का? बचाव घाईने उरकला की आरोपीबरोबर पीडितेचीही फसवणूक होते, हे या खटल्याने शिकवले.

त्या निकालातला शेवटचा दंडक माझ्या मनात राहिला आहे. वकिलाने आरोपीशी भेटून बोलणे. इतकी साधी गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहून सांगावी लागली. बोलायला वेळ लागतो, आणि वेळेइतकीच भाषा लागते. इथे आपले काम सुरू होते.

पीथमपूर हे आता बहुभाषी गाव आहे. धार-झाबुआची भिली, निमाडची निमाडी, माळवी, भोजपुरी, ओडिया, आणि आग्रा-मुंबई रस्त्याने वर आलेली खानदेशी मराठी एकाच पाळीत काम करते. न्यायालयाची भाषा हिंदी, वरच्या न्यायालयाची इंग्रजी. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला भाषांतर करून सांगितली पाहिजे, अशी तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. पण मराठी आणि हिंदीच्या बाबतीत ही गरज कोणाला जाणवत नाही, कारण लिपी एक, शब्द सारखे. धोका या सारखेपणातच आहे. परकी भाषा असती तर दुभाष्या शोधला असता. बहिणीच्या भाषेत आपण गृहीत धरतो.

‘राजीनामा’ घ्या. आपल्यासाठी तो नोकरी सोडण्याचा कागद. इथल्या न्यायालयात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. लोकअदालतीत एका मराठी कामगाराला कोणी प्रेमाने सांगितले, “राजीनामा कर लो, आज ही घर जाओगे.” तो रडायला लागला. किरकोळ मारामारीपायी नोकरी सोडायला लावतात, असे त्याला वाटले. ‘दोन दिवस दांडी मारली’ म्हणजे आपल्याकडे कामावर गेलो नाही. हिंदीत ‘डंडी मारना’ म्हणजे मापात फसवणूक. ‘शिक्षा’ हा शब्द तर आपल्या मुलांच्या विनोदाचा विषय आहे. वर्गात आपण हसतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले की हसू येत नाही.

खटल्याच्या अखेरीस आरोपीला न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारतात. जुने कलम ३१३, नव्या संहितेत ३५१. शपथ नसते. पुराव्यात जे विरोधी आले त्यावर तुझे काय म्हणणे, असे विचारायचे असते. बहुतेक गरीब आरोपी सगळ्या खटल्यात स्वतःच्या तोंडाने बोलतो तो याच वेळी. आणि कागदावर उमटते काय? “ग़लत है.” “मुझे नहीं मालूम.” “मैं निर्दोष हूँ.” पंचवीस प्रश्न, आणि या तीन वाक्यांच्या आवृत्त्या. माझी विद्यार्थिनी म्हणते, “मॅडम, त्या दिवसासाठी मी आधी तुरुंगात जाऊन बसते. तो आपल्या भाषेत सगळं सांगतो. मग त्यातलं काय बोलायचं, ते आम्ही दोघं ठरवतो. शब्द त्याचेच ठेवते.” साहित्याच्या वर्गात आम्ही पात्रांच्या तोंडच्या भाषेविषयी तासन्‌तास बोलतो. ती मुलगी त्याच वर्गात बसत होती. तिने ते ज्ञान कुठे नेले, याचा मला अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते. लाज अशासाठी, की मी स्वतः ते कधी तिथवर नेले नव्हते.

म्हणून अकादमीपुढे आणि आपणा सर्वांपुढे तीन विनंत्या ठेवते. पहिली, या भागातल्या मराठी शिक्षकांनी आणि साहित्यप्रेमींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आपली नावे द्यावीत. मराठी बोलणाऱ्या कैद्याशी बोलताना वकिलाला कोणाला बोलवायचे, हे माहीत असावे. भिलीसाठी आदिवासी विद्यार्थ्यांनी हेच करावे. दुसरी, अकादमीने कामगारांच्या शब्दांचा एक छोटा मराठी-हिंदी कोश काढावा. हजेरी, खाडा, उचल, पाळी, दांडी, मुकादम, राजीनामा. तीस-चाळीस पाने पुरतील. तो ग्रंथालयाआधी ठाण्यात, तुरुंगात आणि न्यायालयात पोचावा. तिसरी, महाविद्यालयात अर्जलेखन शिकवताना एकदा तरी प्रथम माहिती अहवाल वाचून दाखवावा, आणि ‘१५१००’ हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहावा. परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही. पण वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी त्याची गरज आजच असू शकते.

धार आणि देवासच्या पवार संस्थानांत दरबारी कागद मोडीत लिहिले जात. त्या काळी मराठी ही इथल्या सत्तेची भाषा होती. आज ती इथे ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची भाषा आहे. तिचा जुना थाट गेल्याचे दुःख आपण आपल्या संमेलनांत पुष्कळ व्यक्त केले. आता तिच्यात बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे नीट लिहिले जाते की नाही, इकडे थोडे लक्ष देऊ या.

तो धुळ्याचा मुलगा जामिनावर सुटल्यावर माझ्या विद्यार्थिनीच्या कार्यालयात गेला होता. हातात पेढ्यांचा पुडा. ती घेईना, नियमात बसत नाही म्हणून. तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुम्ही मला एकच विचारलं, ‘उचल’ म्हणजे काय ते सांग. एवढ्या दिवसांत तसं कुणी विचारलंच नव्हतं.”